लेवीयवर अडकलीस ना?

अगं, त्यात रडण्यासारखं काय आहे? ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेत उभं राहून "यंदा अख्खं बायबल वाचणार" असं ठरवणाऱ्या कितीतरी जणी नेमक्या इथेच थांबतात. हिशेब बघ ना. एकूण १,१८९ अध्याय, म्हणजे रोजचे तीन-चार. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० गोष्टींच्या ओढीने भरभर होतात. जानेवारी सरत येतो तो लेवीय उघडतं, होमबलीचे नियम सुरू होतात, आणि तिकडे हिंगणघाटात कापसाचा हंगाम भरात! जावईबापू जिनिंगची रात्रपाळी करून सकाळी येणार, पोरांचे डबे, सासूबाईंच्या गोळ्या. यात होमबली कुठे बसवशील, सांग.

ते वर्षभराच्या वाचनाचं कोष्टक आधी फ्रिजवरून काढ. मार्क घे, सोळाच अध्याय आहेत. रोज अर्धं पान, पण सावकाश. तोच भाग दोन दिवस वाचलास तर कुणी हजेरी घेत नाही. मन अगदीच लागत नसेल तर स्तोत्रसंहिता काढ. त्यात देवाशी केवढं भांडण आहे ते वाचलंस की आपली प्रार्थना उगाच फार सोज्वळ वाटायला लागते. पहाटेच उठायला हवं असंही नाही. कुकर लावलास की शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशीच बस, फक्त मोबाइल आतल्या खोलीत ठेव. सकाळी उठून मंडळीच्या ग्रुपवर वचनांची चित्रं पुढे ढकलणं म्हणजे प्रार्थना नव्हे, बाई!

"यांच्यासारखी माझी श्रद्धा पक्की का नाही?" हे तुझं वाक्य मात्र मला खुपलं. लक्ष्मीबाई टिळकांची आठवण कर. त्यांच्या नवऱ्याने, रेव्हरंड टिळकांनी, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधल्या काळात रडल्या, भांडल्या, सोवळं सांभाळलं, ते हळूहळू सोडलं. नवऱ्याचा विश्वास उसना घेऊन पुढे गेल्या नाहीत. आणि १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट राहिलं होतं, ते कुणी पुरं केलं? याच बाईने. मग तुला कसली घाई?

शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकवाला जायचं की नाही, हेही विचारत होतीस. जा की! कुंकू लावायचं नसेल तर हसून नको म्हण, तिळगूळ घे, दोन घटका बस. तुझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच आणले होते. त्यांना टाळून भक्ती वाढेल, असं मला तरी वाटत नाही.

आणि वर्ष हुकलं वगैरे काही नाही. चर्चचं वर्ष तर नाताळच्या आधीच, आगमनकाळापासून सुरू होतं. राखेचा बुधवार आता तोंडावर आलाय. पुढे रविवार सोडून उपवासकाळाचे ४० दिवस. मटण सोडायचं तर सोड, पण त्याहून रात्रीची एक मालिका सोड आणि तेवढ्या वेळात सासूबाईंना एक स्तोत्र मोठ्याने वाचून दाखव. बारीक अक्षर त्यांना आता दिसत नाही, म्हणालीस ना? मोठ्याने वाचताना तुझंही मन इकडेतिकडे पळायचं नाही. शुक्रवारी फोन कर. किती वाचलंस ते विचारणार नाही, सासूबाईंनी कुठलं स्तोत्र परत वाचायला लावलं तेवढं सांग.