जुन्या पेठेतील नवे घर

नागपूरचा महाल हा भाग भोसल्यांच्या राजवटीची आठवण जागवितो. इ. स. १८६४ मध्ये त्यांचा राजवाडा आगीत भस्म झाला. नगारखाना तेवढा वाचला. तरीही लाकडी खांबांचे व मधोमध चौक असलेले काही जुने वाडे तेथे टिकून आहेत.

वाडा मोडकळीस आला म्हणजे त्याच्या जागी नवे घर बांधावे लागते. राहणाऱ्यांना पक्के छप्पर, नळ आणि उजेड हवा असतो, व ही गरज रास्तच आहे. परंतु दुमजली घरांच्या ओळीत एकाएकी सात मजले उभे राहिले, तर शेजाऱ्यांचा उजेड व वारा अडतो. उलट, जुन्या नक्षीची सिमेंटमध्ये नुसती नक्कल केली, तर तीही निर्जीव वाटते.

म्हणून शहाणा वास्तुशिल्पी प्रथम शेजार न्याहाळतो. घराची उंची तो आजूबाजूच्या घरांशी मिळती ठेवतो, दर्शनी भिंत रस्त्याच्या रेषेत आणतो आणि मध्ये चौक सोडतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा वेळी चौकाची सावली आणि जाड भिंतींचा गारवा किती मोलाचा, हे जुन्या गवंड्यांनी ओळखले होते. ते शहाणपण नव्या विटांतही उतरविता येते.

कस्तुरचंद पार्कजवळ २०२१ साली मेट्रोचे स्थानक सुरू झाले. गाडी नव्या युगाची. पण स्थानकाला रूप दिले ते जुन्या वास्तूंच्या धर्तीचे.

पंगतीत नवा पाहुणा आला, तर तो ओळ मोडीत नाही आणि आपले नावही लपवीत नाही. जुन्या पेठेतील नव्या घरानेही तसेच वागावे.