चिनी तपकिरीच्या बाटल्या: पहिली बाटली घेण्याआधी



कोसबाडच्या बॅचमधल्या एका मुलाने वर्ग संपल्यावर मोबाईल माझ्यापुढे धरला. चिकूच्या हंगामातून त्याने ६०,००० रुपये बाजूला ठेवलेत. स्क्रीनवर आठ छोट्या रंगीत बाटल्या. "सर, अँटिक आहेत, चीनच्या. आठही मिळून साठ हजारांत देतोय. परदेशात एकेक लाखांत जाते म्हणे. घेऊ का?"

व्हिडिओत मी एका वाक्यात उत्तर दिलं होतं: आत्ता नको. ते 'का', ते इथे सविस्तर लिहितो. कारण जुन्या वस्तू जमवायच्या आणि त्यातून पुढे धंदा करायचा, हा विचार अनेकांच्या डोक्यात असतो. विचार वाईट नाही. पण त्यातला पैशाचा हिशोब बहुतेक जण उलटा मांडतात.

आधी वस्तू काय आहे ते बघू. तपकीर आपल्याला नवी नाही. आपल्याकडे आजोबांच्या कनवटीला तिची डबी असायची, आणि 'तपकिरी' हा रंगच मुळी तिच्यावरून आलाय. चीनमध्ये तंबाखू सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचली, तपकीर त्यानंतर. छिंग राजवटीच्या काळात, म्हणजे १६४४ ते १९११ च्या दरम्यान, दरबारात तपकीर ओढणं प्रतिष्ठेचं होतं. सर्दी-डोकेदुखीवर औषध म्हणूनही ती चालायची. युरोपात तपकीर डबीत ठेवत. चीनच्या दमट हवेत डबीतली पूड ओलावते, म्हणून तिथे अरुंद तोंडाची, बुचाची बाटली आली. बुचाला आतून बारीक चमचा. उंची साधारण ५ ते ८ सेंटिमीटर, मुठीत मावेल अशी.

कांगशी सम्राटाने १६९६ मध्ये राजवाड्यासाठी काचेचा कारखाना काढला आणि काचेच्या बाटल्यांना बहर आला. त्याशिवाय जेड, अकीक, स्फटिक, पोर्सिलेन, लाख, हस्तिदंत, असं काहीही. एकोणिसाव्या शतकात कारागीर पारदर्शक बाटलीच्या तोंडातून वाकडा बारीक ब्रश घालून आतल्या बाजूने चित्रं काढू लागले. विचार करा, चित्र उलटं, आणि जे सगळ्यात पुढे दिसणार ते सगळ्यात आधी काढायचं! राजवट गेली, तपकिरीची फॅशन गेली, बाटल्या उरल्या. आणि त्या जगभरचे लोक जमवू लागले. त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था १९६८ पासून आहे. ब्लॉक दांपत्याचा प्रसिद्ध संग्रह बोनहॅम्सने २०१० पासून हाँगकाँगमध्ये टप्प्याटप्प्याने लिलावात विकला. 'लाखांत जाते' ही गोष्ट अशा लिलावांतून येते आणि ती खोटी नाही.

पण हाँगकाँगचा भाव हा तुमचा भाव नाही. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण सगळा हिशोब इथे फिरतो.

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा आहे, लागू झाला १९७६ मध्ये. त्यात १०० वर्षं किंवा जास्त जुनी कलाकुसरीची वस्तू म्हणजे पुरावस्तू. हस्तलिखितांना मर्यादा ७५ वर्षांची. व्याख्येत 'भारतात बनलेली' अशी अट नाही. म्हणजे तुमची बाटली खरोखरच शंभर वर्षांची असेल तर ती चिनी असूनही पुरावस्तूच. आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. कुरिअरने नाही, पाहुण्याच्या बॅगेतून तर नाहीच नाही. पुरावस्तू विकण्याचा धंदा करायचा तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. स्वतःजवळ ठेवायला परवाना लागत नाही. मात्र शिल्पं, चित्रं, हस्तलिखितं अशा काही ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. शंका आली तर सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचं कार्यालय शीव किल्ल्याजवळ आहे, तिथे लेखी विचारा.

आता गंमत बघा. बाटली खरी असेल तर ती हाँगकाँगला जाऊ शकत नाही, म्हणजे तिथला भाव तुम्हाला मिळणार नाही. बाटली खोटी असेल तर ती जाऊ शकते, पण तिला तो भाव नाही! दोन्हीकडून विकणारा तुम्हाला जो आकडा दाखवतोय तो तुमच्या खिशात येण्याचा रस्ताच नाही. तुमचं गिऱ्हाईक भारतातलं, आणि भारतात या बाटल्या जमवणारे थोडे. थोडी गिऱ्हाइकं म्हणजे माल महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं पडून. ६०,००० अडकले की पुढच्या हंगामाचं खत, मजुरी कुठून आणणार? याला मी 'देखणा डेड स्टॉक' म्हणतो.

आणखी एक लक्ष्मणरेषा. हस्तिदंत, गेंड्याचं शिंग, कासवाची पाठ, धनेशाची चोच यांच्याही बाटल्या बनायच्या. त्यांच्या वाटेला जाऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा तिथे 'जुनं आहे हो' हे ऐकून घेत नाही. 'हाडाची आहे' असं सांगून हस्तिदंत खपवणारेही असतात. पांढरट, रेषारेषांची वस्तू दिसली की हात मागे.

मग सुरुवात करायचीच नाही का? करायची. फक्त पहिलं भांडवल पैशाचं नाही, नजरेचं. आणि नजर फुकट मिळते, वेळ द्यावा लागतो.

डहाणू रोडहून चर्चगेटची लोकल २०१३ पासून आहे. एक दिवस काढा आणि काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी-जपानी वस्तू तिथे आहेत. पोर्सिलेनचा चकाकता लेप, जेडचा तेलकट गुळगुळीतपणा, कोरीवकामाच्या कडा किती मऊ असतात, हे तासभर उभं राहून बघा. खरं डोळ्यांत बसलं की खोटं खुपायला लागतं. फोटोंवरून ही नजर येत नाही.

दुसरी गोष्ट हाताची. आपल्या कोसबाडला हे समजावून सांगायला लागू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आणलं. तिथे मुलं बिया, खडे, शिंपले हाताळून शिकली. जड-हलकं, गार-कोमट, खरखरीत-गुळगुळीत. बाटली ओळखायची पद्धत नेमकी हीच आहे. दगडाची बाटली गालाला लावली तर गार लागते आणि बराच वेळ गार राहते. काच त्यामानाने लवकर कोमट होते. रेझिनची हलकी आणि कोमट लागते, बाजूला साच्याची शिवण दिसते. घरी काचेची गोटी, अकिकाचा खडा आणि प्लॅस्टिकचं बटण घेऊन डोळे मिटून सराव करा. हसू नका, आठवडाभरात फरक कळतो.

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग. जवाहिऱ्यांकडे असतं तसं, फार महाग नाही. काचेत बुडबुडे दिसतात का बघा. दगडाची बाटली असेल तर तोंडातून आत टॉर्च मारा. चांगल्या कारागिराने दगड आतून खांद्यापर्यंत नीट कोरलेला असतो, भिंत पातळ असते. अकिकाच्या काही बाटल्या तर इतक्या पोकळ की पाण्यावर तरंगतात. घाईचं काम असेल तर आत नुसतं सरळ भोक पाडलेलं दिसेल. बुडाची कड आणि तोंडाची कड झिजलेली आहे का? आणि झीज जिथे हात-टेबल लागतो तिथेच आहे, की सगळीकडे सारखी घासलेली आहे? सगळीकडे सारखी असेल तर कोणीतरी बसून घासली आहे.

बुचावरून वय ठरवू नका. बुचं हरवतात, बदलतात. आणि बुडाखालच्या चिनी अक्षरांवर तर अजिबात जाऊ नका. छ्येनलुंग सम्राटाच्या नावाचा शिक्का त्याच्यानंतरच्या काळातही मारत आले, आजही मारतात. त्यात प्रत्येक वेळी फसवणूकच असते असं नाही, जुन्याला मान देण्याचीही ती एक रीत होती. पण तुम्ही शिक्क्याचे पैसे देऊ नका. आतून रंगवलेल्या बाटल्या चीनच्या हबेई प्रांतात हंगश्वे भागात आजही बनतात, आणि काही खरोखर सुंदर असतात. नवी म्हणून नव्या भावात घेतली तर त्यात वावगं काही नाही. शंभर वर्षांची म्हणून घेतली तर तुम्ही नव्याण्णव वर्षांचे पैसे हवेत सोडले.

आता त्या आठ बाटल्यांकडे. एकेक ७,५०० ची पडते. विकणाऱ्याला मी विचारायला सांगितलेलं एवढंच: बिलावर 'चिनी, अमुक काळ, अमुक पदार्थ, बूच नंतरचं' असं लिहून देणार का? तसं नाही निघालं तर महिनाभरात पैसे परत, हे लिहून देणार का? आणि तुमच्याकडे ही कुठून आली? खरा व्यापारी या प्रश्नांनी चिडत नाही. 'बिल कशाला, विश्वासाचा मामला आहे' हे वाक्य आलं की विषय संपला. शिवाय, आठही बाटल्या चकचकीत, एकाच उंचीच्या, प्रत्येकीला तसंच लाल बूच. जुन्या घरातून निघालेल्या वस्तू अशा गणवेशात येत नाहीत.

आपल्या भागात चिनी वस्तू मुळातच नसतील असं मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी कँटनशी व्यापार करत. सर जमशेटजी जीजीभॉय स्वतः चीनला अनेकदा जाऊन आले. कापूस आणि अफू तिकडे गेली, आणि तिकडून रेशीम, भरतकामाचे गारा, चिनी मातीची भांडी आली. तलासरीच्या पलीकडे संजाण आहे, पुढे उदवाडा. जुन्या पारशी घरांत चिनी बरणी, बशी, क्वचित एखादी अशी बाटलीही असू शकते. मात्र डहाणू-घोलवडकडे नंतर इराणहून आलेली इराणी कुटुंबं वेगळी, त्यांचा कँटनच्या व्यापाराशी संबंध नाही. 'इराणी शेठच्या वाडीतून आली' ही कहाणी चिनी बाटलीला चिकटवलेली ऐकलीत तर भुवई वर जाऊ द्या.

अशा घरात विकत घ्यायला जाल तेव्हा एक पथ्य. समोर एकट्या राहणाऱ्या आजी असतील, त्यांना वस्तूची किंमत माहीत नसेल. तुम्हाला माहीत असेल तर सांगा, घरच्या तरुण माणसाला फोन लावून द्या, आणि मग घ्या. वारली पाड्यांवरसुद्धा हेच. दोनशे रुपयांत जुना डबा उचलून आणला की तुम्ही हुशार नाही, त्या गावात परत न जाऊ शकणारा माणूस ठरता. हा धंदा ओळखीवर चालतो. एक घर दुसऱ्या घराचं नाव सांगतं. पावती द्या, ओळखपत्राची प्रत ठेवा, कारण उद्या माल चोरीचा निघाला तर पोलीस तुमच्या दारात येतात. आणि शेत नांगरताना जमिनीतून काही निघालं तर ते खरेदी-विक्रीचं सामान नव्हे. १८७८ चा निखात निधी कायदा आहे, ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

मला विचाराल तर नवशिक्याने चिनी बाटलीच्या आधी आपली तपकिरीची डबी जमवावी. पितळी, लाकडी, शिंगाची, करवंटीची. सोबत चुनाळी, अडकित्ते. शंभर वर्षांपेक्षा कमी वयाच्या साध्या वस्तूंना पुरावस्तू कायद्याची अडचण नाही, भाव शेकड्यांत, चूक झाली तरी परवडते. पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय बघून या. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास सुरुवात केली. दिवे, कुलुपं, दौती, अडकित्ते, म्हणजे लोक ज्या वस्तू मोडीत काढत होते त्या. आज संग्रहात सुमारे २०,००० वस्तू आहेत. केळकरांचा घरचा धंदा चष्म्यांचा. म्हणजे संग्रहाने घर चालवलं नाही, दुकानाने संग्रह चालवला. ज्यांना पहिल्या वर्षी मार्जिन हवंय त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

पैशाचं मी त्या मुलाला असं सुचवलं: ६०,००० पैकी ५०,००० ला हात लावायचा नाही, ते वाडीचे. २,००० प्रवास, भिंग आणि पुस्तकांना. उरलेले ८,००० वर्षभरात, एका वेळी एकच वस्तू, आणि पहिले तीन महिने काहीच नाही. पुढे नव्या, आतून रंगवलेल्या बाटल्या 'नव्या आहेत' असं सांगून भेटवस्तू म्हणून विकायच्या ठरवल्या तर तो सरळ धंदा आहे. त्याला आयात-निर्यात कोड लागेल, सीमाशुल्क भरावं लागेल, सीएशी बोलावं लागेल. तो हिशोब वेगळ्या व्हिडिओत.

शेवटी वही. दोनशे पानी साधी वही चालेल. प्रत्येक वस्तूला एक पान: क्रमांक, तारीख, कोणाकडून, किती रुपये, उंची, वजन, पदार्थ, कुठे तडा-टवका, आणि चार बाजूंचे व बुडाचे फोटो. एक ओळ 'मला ही काय वाटते आणि का' यासाठी. आणि पानाच्या तळाशी मोकळी जागा सोडा. सहा महिन्यांनी नजर तयार झाली की त्याच वस्तूकडे पुन्हा बघून तिथे दुसरं मत लिहायचं, पहिलं न खोडता.