छायाचित्र रंगीत असावें कीं कृष्णधवल ?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी वडिलांसह माझ्या घरीं आला. त्याला प्रथमच नोकरीसाठीं अर्ज करावयाचा होता व अर्जासोबत स्वतःचें छायाचित्र पाठवावयाचें होतें. त्यानें दोन छायाचित्रें माझ्यापुढें ठेविलीं. एक रंगीत, दुसरें कृष्णधवल. “सर, यांतलें कोणतें पाठवूं ?” असें त्यानें विचारलें. मी कांहीं बोलण्यापूर्वींच वडील म्हणाले, “मला तर काळेंपांढरेंच बरें वाटतें, गुरुजी. रंगीत चित्रांत पोरगा फार सांवळा दिसतो.” मुलानें मान खालीं घातली. प्रश्न तसा लहान होता. परंतु ती खालीं गेलेली मान पाहून तो मला लहान वाटला नाहीं. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, कामधंद्यासाठीं दिलेलें छायाचित्र दिवाणखान्यांत टांगावयाच्या चित्राहून वेगळें असतें. तें पाहणारा मनुष्य आपल्याला ओळखत नसतो. ही व्यक्ति उद्यां दारांत उभी राहिली तर ओळखूं येईल काय, तिच्या मुद्रेवरून तिच्याविषयीं विश्वास वाटतो काय, एवढेंच त्याला पाहावयाचें असतें. अर्थात् असें छायाचित्र ही एक प्रकारची साक्ष होय. आणि साक्षीचा पहिला गुण सौंदर्य नव्हे, खरेपणा होय.

आतां दोन्ही प्रकारांचें बळ कशांत आहे तें पाहूं. रंग काढून घेतला म्हणजे उजेड, सांवली आणि आकार एवढेंच उरतें. मग पाहणाऱ्याची दृष्टि कपड्यांच्या रंगांत न गुंतता थेट डोळ्यांकडे व मुद्रेकडे जाते. १९४१ सालच्या डिसेंबरांत ओटावा येथें यूसुफ कार्श यांनीं चर्चिल यांचें छायाचित्र घेतलें. कार्श यांनीं एकाएकीं पुढें होऊन त्यांच्या तोंडांतील चिरूट काढून घेतला, आणि त्या क्षणींची त्रासिक पण करारी मुद्रा टिपली. तें चित्र कृष्णधवल आहे. त्यांत रंग असते तर चर्चिल यांच्याविषयीं आपल्याला अधिक कांहीं कळलें असतें असें नाहीं. याच्या उलट, १९८४ सालीं स्टीव्ह मॅककरी यांनीं पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणींत एका अफगाण मुलीचें छायाचित्र घेतलें. तें जून १९८५ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आलें. तिचे हिरवे डोळे आणि तांबूस फाटकें वस्त्र हेंच त्या चित्राचें सर्वस्व. तेथून रंग काढले तर चित्राचा प्राणच जाईल. तेव्हां एक प्रकार उच्च व दुसरा हलका असें नाहीं. कोणत्या चित्राला काय सांगावयाचें आहे, हाच प्रश्न आहे.

कृष्णधवल चित्रांत एक धोकाहि असतो. आपल्या डोळ्यांना हिरवा रंग सर्वांत उजळ भासतो, तांबडा त्याहून कमी व निळा सर्वांत कमी. रंगाचें रूपांतर राखाडी छटेंत करतांना यंत्रहि बहुधा याच प्रमाणानें हिशेब करतें. त्यामुळें गडद हिरव्या पातळाची तांबडी किनार राखाडी छटेंत पातळांतच मिसळून जाण्याचा संभव असतो. तसेंच काळे केस गडद तांबड्या पडद्यापुढें रंगीत चित्रांत स्पष्ट उठून दिसतात. तेच कृष्णधवलांत पडद्यांत बुडतात आणि डोक्याचा आकारच हरवतो.

आतां वडिलांच्या बोलण्याकडे वळूं. कृष्णधवल चित्रांत मनुष्य स्वभावतःच गोरा दिसतो काय ? मुळींच नाहीं. १८३९ सालीं दागेर यांची पद्धति जगापुढें आली. त्या काळचा रासायनिक लेप निळ्या व जांभळ्या उजेडालाच जुमानीत असे. त्यामुळें निळें आकाश पांढरें उमटे, आणि लाल ओठ व गव्हाळ अंगकांति असावी त्याहून काळी दिसे. १८७३ सालीं बर्लिनमध्यें फोगेल यांना असें आढळलें कीं, लेपांत योग्य रंगद्रव्य मिसळल्यास तो इतर रंगांनाहि दाद देतो. तेव्हांपासून हा दोष कमी होत गेला. पुढें १९०७ सालीं ल्युमिएर बंधूंच्या रंगीत पट्ट्या व १९३५ सालीं कोडाक्रोम ही फिल्म बाजारांत आली. परंतु रंगहि निःपक्षपाती नव्हता. रंग बरोबर उतरले कीं नाहीं हें पडताळण्यासाठीं अमेरिकेंत फिल्म धुणाऱ्यांना जी नमुनापत्रिका मिळे, तिच्यावर कित्येक वर्षें गौरवर्णी स्त्रीचेंच चित्र असे. तिला साजेल असा रंग नेमला गेल्यामुळें काळ्यासांवळ्या चेहऱ्यांतील बारकावे नीट उमटत नसत. दोष फिल्मच्या योजनेचा होता, चेहऱ्यांचा नव्हता.

हें सांगून मीं तें कृष्णधवल चित्र खिडकीशीं नेऊन त्या दोघांना दाखविलें. छायाचित्रकारानें उजळपणा इतका वाढविला होता कीं, मुलाच्या नाकाची कड गालांत विरून गेली होती. चेहरा गोरा झाला नव्हता; पुसला गेला होता.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. छायाचित्र नेहमीं रंगीतच काढावें व मूळ प्रत जपून ठेवावी. रंगीतावरून कृष्णधवल केव्हांहि करतां येतें, पण एकदां टाकून दिलेला खरा रंग परत मिळत नाहीं. पारपत्र, ओळखपत्र, नोकरीचा अर्ज, जेथें ओळख पटवावयाची असते, तेथें रंगीतच द्यावें. खिडकीचा निळसर उजेड व दिव्याचा पिवळा उजेड एकाच चेहऱ्यावर पडून अर्धा गाल निराळा दिसत असेल, किंवा एखाद्या पुस्तकांत निरनिराळ्या ठिकाणीं काढलेलीं अनेकांचीं चित्रें एका ओळींत छापावयाचीं असतील, तर कृष्णधवल उपयोगीं पडतें. हिरव्या किंवा निळ्या भिंतीला अगदीं चिकटून उभें राहूं नये. तिची झांक हनुवटीवर येते. आणि मोबाइलमध्यें चेहरा उजळ करण्याची जी सोय असते, तिच्या वाटेस जाऊं नये.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या ओसरीवर, पांढऱ्या भिंतीपासून दोन हात पुढें, त्या मुलाला उभें केलें. ऊन अंगावर नव्हतें. अंगणांतला मऊ उजेड समोरून येत होता. चित्र रंगीत काढलें व त्यांत कांहींहि फेरफार केला नाहीं. वडिलांनीं तें बराच वेळ पाहिलें आणि म्हणाले, “हा अगदीं त्याच्या आजोबांसारखा दिसतो.” त्यांचे वडील, म्हणजे मुलाचे आजोबा, वर्णानें सांवळेच होते, हें त्यांनीं मला मागाहून सांगितलें.

विद्यार्थिमित्रहो, रंग ठेवावा कीं काढावा याचा निर्णय कामाकडे पाहून करा. लाजेकडे पाहून करूं नका. आणि पालकांना एवढीच विनंति कीं, मुलाचें चित्र पाहतांना त्याच्या वर्णाविषयीं जो शब्द सहज तोंडून निघतो, तो मूल ऐकत असतें. छायाचित्र बदलून घेतां येतें. तो शब्द परत घेतां येत नाहीं.