रेषेपासून पार्टपर्यंत: आधी होलमधलं अंतर, मग बाहेरचा आकार



मागच्या व्हिडिओत आपण पुरी प्रेसचं कागदावरचं स्केच बघितलं होतं. एक दांडा, एक पट्टी, एक सरकता रॉड आणि दोन तबकड्या. या आठवड्याच्या व्हिडिओत त्याच स्केचमधून कॉम्प्युटरवर सॉलिड पार्ट कसा उभा करायचा ते दाखवलंय. व्हिडिओत माउस भराभर फिरतो, म्हणून सगळ्या पायऱ्या इथे सावकाश लिहून देतोय. व्हिडिओ एका बाजूला आणि हा लेख दुसऱ्या बाजूला ठेवून काम करा.

सॉफ्टवेअर आहे फ्रीकॅड. ते फुकट आहे, आणि धंद्यासाठी वापरलं तरी एक पैसा द्यावा लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि तिच्यात पार्ट जोडून हलवून बघायची सोय आतच मिळाली. त्यामुळे चोरीचं सॉफ्टवेअर टाकून घाबरत काम करायची गरज नाही.

आधी माझी चूक ऐका

काही वर्षांपूर्वी एका बचत गटासाठी मी वीस पुरी प्रेसची ऑर्डर घेतली होती. दिवाळीच्या आधी माल द्यायचा होता. प्रत्येक प्रेसला दांड्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक पट्टी लागते, म्हणजे एकूण चाळीस पट्ट्या. पट्टी दिसायला अगदी साधी: दोन्ही टोकं गोल, दोन होल, जाडी ६ मिमी.

मी ड्रॉइंगमध्ये मापं कशी दिली? पट्टीची बाहेरून एकूण लांबी ११४ आणि टोकाच्या गोलाईची त्रिज्या १२. होल गोलाईच्या केंद्रात. हिशोब बरोबरच होता. ११४ मधून दोन वेळा १२ वजा केले की होलमधलं अंतर ९० येतं.

शेवटच्या दिवशी वाटलं, टोकं जरा नाजूक दिसतायत. त्रिज्या १२ ची १३ केली, फाइल सेव्ह केली आणि कटिंगला पाठवून दिली. एकूण लांबी ११४ च राहिली. होलमधलं अंतर मात्र ९० वरून ८८ झालं आणि मला पत्ताच नाही! स्क्रीनवर पट्टी आधीपेक्षा छानच दिसत होती.

प्रेस जोडले तेव्हा दांडा स्टॉपरला टेकला, पण वरची तबकडी २ मिमी वरच थांबली. पुरी कुठे, भाकरीच निघाली म्हणा ना! उंची जुळवायला रॉडवर आटे आणि नट मी दिलेलेच नव्हते. चाळीस पट्ट्या, सुमारे पाच किलो लोखंड, सगळं भंगारात. भंगाराचे थोडेफार पैसे परत येतात, कटिंगचे येत नाहीत. माल आठ दिवस उशिरा गेला आणि त्या ताईंची दिवाळीची अर्धी विक्री हुकली. त्यांनी मला एक शब्दही सुनावला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सॉफ्टवेअरने काहीच चुकवलं नव्हतं. मी सांगितलं तेच त्याने केलं. आजचा धडा हाच: यंत्राचा कुठलाही पार्ट काढताना आधी होलमधलं अंतर पक्कं करा. बाहेरचा आकार नंतर. होलमधलं अंतर म्हणजे पार्टचं हाड. बाहेरची कड म्हणजे मांस. मांस कमीजास्त झालं तरी हाड हलता कामा नये.

पायरी १: मापांचा तक्ता

नवीन फाइल उघडा आणि लगेच नाव देऊन सेव्ह करा. फ्रीकॅडमध्ये स्प्रेडशीट आहे. त्यात चार ओळी लिहा:

- होलमधलं अंतर: ९० मिमी
- पट्टीची रुंदी: २४ मिमी
- होल: ८.२ मिमी (पिन ८ मिमीची आहे, पिन फिरायला थोडी जागा हवी)
- जाडी: ६ मिमी

प्रत्येक मापाला तिथेच एक छोटं नाव देता येतं. पुढे स्केचमध्ये आकडा टाइप करण्याऐवजी ते नाव वापरायचं. उद्या माप बदललं तर एकाच जागी बदलायचं, स्केचमध्ये शोधत बसायला नको.

पायरी २: हाडं काढा

पार्ट डिझाइन विभागात जा, नवीन बॉडी घ्या, नवीन स्केच घ्या आणि आडवी पातळी (एक्स-वाय) निवडा.

आता बाहेरची कड काढायची घाई करू नका. आधी दोन वर्तुळं काढा. पहिल्याचं केंद्र बरोबर मूळ बिंदूवर बसवा, दुसऱ्याचं आडव्या अक्षावर. दोन्ही वर्तुळं समान अशी अट द्या आणि व्यास ८.२ द्या. मग दोन केंद्रांमधलं अंतर ९०.

अट म्हणजे कन्स्ट्रेंट. ही रेषा आडवीच राहील, ही दोन वर्तुळं सारखीच राहतील, असं आपण सॉफ्टवेअरला बजावून ठेवतो. ही कल्पना नवी नाही बरं का. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम केला, त्यात रेषांना अशा अटी घालता येत होत्या.

पायरी ३: मांस चढवा

आता स्लॉटचं टूल घ्या. दोन्ही टोकं गोल असलेला लांबट आकार एका झटक्यात मिळतो. त्याच्या गोलाईची केंद्रं आपल्या दोन वर्तुळांच्या केंद्रांवर बसवा आणि त्रिज्या १२ द्या. एकूण लांबीचं माप देऊ नका. ती आपोआप ११४ येईल. उद्या त्रिज्या १३ केली तर लांबी ११६ होईल, होल जागेवरच राहतील. माझ्या चाळीस पट्ट्या इथेच वाचल्या असत्या.

सगळ्या अटी पूर्ण झाल्या की स्केच हिरवं होतं. तोपर्यंत बाजूच्या खिडकीत किती मोकळीक शिल्लक आहे तो आकडा दिसत राहतो. पांढऱ्या स्केचवरही पार्ट उभा राहतो, सॉफ्टवेअर अडवत नाही. पण तुम्ही स्वतःला अडवा. हिरवं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पायरी ४: जाडी द्या

स्केच बंद करा, पॅड दाबा, लांबी ६ द्या. झाली पट्टी! आतली दोन वर्तुळं आपोआप होल होतात, कारण बाहेरच्या बंद कडेच्या आतली बंद कड म्हणजे होल असं सॉफ्टवेअर धरतं.

पॅड होत नसेल तर बहुतेक वेळा कारण या तिघांपैकी एक असतं:

१. कड बंद नाही. दोन रेषा टेकल्यासारख्या दिसतात, पण मध्ये केसाएवढी फट असते. स्केचच्या मेनूत तपासणीचं टूल आहे. ते न जुळलेले बिंदू शोधून जोडून देतं.

२. एकावर एक दोन रेषा. कॉपी-पेस्ट करताना हे हमखास होतं. रेषा डिलीट करूनही तिथे रेषा दिसत राहिली, तर समजा खाली आणखी एक होती.

३. कड स्वतःलाच छेदते, किंवा होल बाहेरच्या कडेला टेकलंय.

आणि एक गंमत. निळ्या रंगाच्या रेषा फक्त मदतीच्या असतात, त्यांना जाडी मिळत नाही. एखादी कड चुकून निळी झाली की लोक अर्धा तास डोकं खाजवत बसतात.

कमांड निवडताना मशीन आठवा

हा पार्ट वर्कशॉपमध्ये कुठल्या मशीनवर बनणार आहे? पत्र्यातून कापला जाणार असेल तर पॅड. लेथवर फिरणार असेल तर रिव्हॉल्व्ह. ड्रिल किंवा मिलिंगने माल काढणार असाल तर पॉकेट.

आपल्या प्रेसमधली पट्टी आणि दांडा पॅडने होतात. पिन, बुश आणि सरकता रॉड रिव्हॉल्व्हने करा. त्यासाठी अर्धा छेद काढायचा आणि अक्षाभोवती फिरवायचा. तो अर्धा छेद अक्षाला ओलांडून पलीकडे जाता कामा नये, एवढं सांभाळा. ज्या पार्टसाठी तुम्हाला दहा कमांड लागतात, त्याला वर्कशॉपमध्येही बहुतेक दहा कामं लागतात, आणि कोटेशन त्याच हिशोबाने येतं.

पायरी ५: हलवून बघा

सगळे पार्ट झाले की असेंब्ली विभागात आणा. बैठक जमिनीला पक्की करा. खांबावर दांडा, दांड्यावर पट्टी आणि पट्टीखाली रॉड असे तीन फिरते सांधे द्या. रॉड आणि बुशमध्ये एक सरकता सांधा.

डिप्लोमा केलेल्यांना ग्रूबलरचं सूत्र आठवत असेल. चार पार्ट (दोन पट्ट्या एकच धरा), चार सांधे: तीन गुणिले तीन, वजा आठ, उरला एक. म्हणजे एक दांडा हलवला की बाकी सगळं ठरल्याप्रमाणे हलणार.

आता माउसने दांडा ओढा. खांबापासून पट्टीची पिन ६० मिमीवर आहे. दांडा आडव्या रेषेच्या ३० अंश वर आणि ३० अंश खाली गेला, तर तबकडी साधारण ६० मिमी वरखाली होते. हाताची मूठ ३०० मिमीवर, म्हणजे जोर सुमारे पाचपट. दांडा पूर्ण खाली आणून दोन तबकड्यांमधली फट मोजा. मग पट्टीच्या तक्त्यात ९० चे ८८ करून पुन्हा मोजा. माझी दिवाळी तुम्हाला स्क्रीनवर दिसेल, आणि तीही फुकटात.

पायरी ६: कटिंगला पाठवण्याआधी

लेझर कटिंगवाल्याला डीएक्सएफ फाइल लागते, टर्निंग-मिलिंगवाल्याला स्टेप फाइल द्या. सोबत होलमधलं अंतर ठळक लिहिलेली पीडीएफ द्याच. डीएक्सएफ पुन्हा उघडून ९० आहे का ते मोजा, कारण मिमी आणि इंचाचा घोळ इथेच होतो.

हिशोबही आधी करा. आपल्या पट्टीचं वजन सुमारे ११८ ग्रॅम येतं आणि कापायची लांबी होल धरून सुमारे ३०७ मिमी. हे दोन आकडे घेऊन बोलायला गेलात की समोरच्याला कळतं, माणूस अभ्यास करून आलाय. आणि एक नियम पाळा: होल पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान ठेवू नका.

मग ड्रॉइंगची खऱ्या मापात प्रिंट काढा, पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा, दोन खिळे घाला आणि हलवून बघा. त्यानंतर दोनच पट्ट्या कापून घ्या, चाळीस नाही. चेंबूरहून हार्बर लाइनने वाशी, तिथून गाडी बदलून रबाळे अशी एक फेरी जास्त पडेल. पडू दे. तिकिटाचे पैसे पाच किलो लोखंडापेक्षा कमीच आहेत. आणि रॉडवर उंची जुळवायचे आटे आणि नट ठेवायला विसरू नका. अन्नाला लागणाऱ्या तबकड्या स्टेनलेसच्याच घ्या.

एक जुनी गोष्ट

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला आले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून त्यांची चित्रकला सुटली, पण यांत्रिक ड्रॉइंग त्यांनी सोडलं नाही. पुढे व्हीजेटीआयमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. नंतर बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. कॉम्प्युटर नव्हता, पण रेष आणि लोखंड यांचं नातं त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्या हातात आज त्यापेक्षा कितीतरी जास्त साधनं आहेत.

या आठवड्याचा गृहपाठ

१. वरची पट्टी स्वतः काढा. स्केच हिरवं झालंच पाहिजे.
२. रुंदी २४ ची २८ करा. होल हलले का? हलले असतील तर अट कुठे चुकली ते शोधा.
३. तुमच्या घरातली एखादी हलणारी वस्तू घ्या: अडकित्ता, सांडशी, छत्री. आधी फक्त सांध्यांमधली अंतरं मोजून वहीत लिहा. आकार नंतर.

तिसरा गृहपाठ टाळू नका. ज्याला सांधे दिसायला लागले, त्याला यंत्र दिसायला लागलं.

पुढच्या व्हिडिओत याच प्रेसचं कोटेशन कसं काढायचं आणि जॉबवर्कवाल्याशी भाव कसा ठरवायचा ते बघू. तोपर्यंत हात चालू ठेवा. भेटूया!