शाळेचे दार उघडले, पण किल्ली कोणाच्या हाती?

आपल्या व्याख्यानमालांतून शिक्षणाच्या हक्काचा विषय निघाला, की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिलेल्या 'ब्राउन' खटल्याच्या निकालाचा दाखला हटकून दिला जातो. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे, असे नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, आणि तेथून समतेची पहाट झाली, एवढे सांगून वक्ते पुढच्या मुद्द्याकडे वळतात. इतिहासाचे अभ्यासक या नात्याने आम्हांस हे वर्णन अपुरे वाटते. निकाल थोर होता, यात शंका नाही. परंतु त्यानंतर पाच वर्षांनी त्या खटल्यातल्याच एका काउंटीने आपल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलूप ठोकले, आणि ते कुलूप पुढची पाच वर्षे निघाले नाही. खटला जिंकलेल्या मुलांची धाकटी भावंडे शाळेवाचून मोठी झाली. हे कसे घडले, ते या लेखात सांगायचे आहे.

अमेरिकेचा विषय आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला, तो अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि कृष्णवर्णीयांची हार्लेम ही वस्ती त्या विद्यापीठाच्या शेजारीच आहे. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे त्यांच्या समाजाने केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. ड्यु बॉइस यांनी त्यास आस्थेने उत्तरही पाठविले. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही. आपल्या चळवळीच्या दोन्ही महापुरुषांनी त्या देशाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले होते.

व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारणपणे आपला एखादा छोटा जिल्हा. तिचे मुख्य गाव फार्मविल. तेथे कृष्णवर्णीय मुलांसाठी १९३९ साली मोटन हायस्कूल बांधले गेले, ते १८० मुलांच्या हिशेबाने. १९५१ पर्यंत पटावरची संख्या साडेचारशेच्या वर गेली. नवी इमारत द्या, अशी पालकांनी वारंवार विनंती केली, तेव्हा काउंटीने पटांगणात लाकडी खोपट्या उभारून त्यांवर डांबरी कागद ठोकून दिला. पावसात छत गळे. हिवाळ्यात शेगडीजवळ बसणारे मूल भाजून निघे आणि दाराजवळचे कुडकुडे. सभागृहात एकाच वेळी दोन-तीन वर्ग भरत. व्यायामशाळा नाही, भोजनगृह नाही. शाळेची बस गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेली. ती बस चालविण्याचे आणि सकाळी सरपण गोळा करून खोपट्यांतल्या शेगड्या पेटविण्याचे काम इतिहासाच्या शिक्षकाकडे असे. (आमच्या व्यवसायबंधूंची ही कहाणी वाचताना आम्हांस आपल्याकडच्या अनेक शाळांची आठवण झाली, हे लपविण्यात अर्थ नाही.)

बार्बरा जॉन्स ही त्या शाळेतली सोळा वर्षांची विद्यार्थिनी. तिने संगीताच्या शिक्षिकेजवळ या हालांविषयी तक्रार केली, तेव्हा बाईंनी तिला उलट विचारले, की मग तू याबद्दल काही करत का नाहीस? मुलीने तो प्रश्न मनावर घेतला. तिने मोजक्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून काही महिने गुप्तपणे आखणी केली. २३ एप्रिल १९५१ रोजी मुख्याध्यापकांना खोटा दूरध्वनी करून गावात बोलावून घेतले गेले. त्यांच्या नावाची चिठ्ठी वर्गावर्गांतून फिरली आणि सगळी शाळा सभागृहात जमली. पडदा उघडला तो व्यासपीठावर बार्बरा उभी. तिने शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली, मुलांपुढे गाऱ्हाणे मांडले आणि सगळ्यांना घेऊन ती बाहेर पडली. मुख्याध्यापकांना दूर ठेवण्यामागे, या कृत्याचा ठपका त्यांच्यावर येऊ नये हाही हेतू होता. तो ठपका टळला नाही. संप दोन आठवडे चालला आणि त्या वर्षाअखेर मुख्याध्यापकांची नोकरी गेली.

मुलांची मागणी होती नव्या इमारतीची. त्यांनी ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांना पत्र लिहिले. वकील आले आणि त्यांनी एक अट घातली. 'वेगळी पण चांगली' शाळा मागण्यासाठी आम्ही लढणार नाही. वेगळेपणाच मोडायचा असेल, तर खटला दाखल करू. हा निर्णय सोपा नव्हता. पालकांपैकी बरेचजण गोऱ्यांच्या शेतांवर, दुकानांत, घरांत राबणारे, त्यांच्याच पतपुरवठ्यावर जगणारे. चर्चमध्ये सभा झाली, वाद झाले, आणि पालक मुलांच्या पाठीशी उभे राहिले. ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दाखल झालेला हा खटला पुढे 'ब्राउन' या नावाखाली एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी एक ठरला. पाचांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून जन्मलेला हा एकच. बार्बराच्या जिवाला धोका होता म्हणून आईवडिलांनी तिला मोंटगोमेरी येथे काकांकडे शिकायला पाठविले. पुढे ती फिलाडेल्फियाच्या शाळांत ग्रंथपाल झाली आणि १९९१ साली वारली.

येथून पुढचा भाग व्याख्यानांत येत नाही. खटला सुरू असतानाच काउंटीने कृष्णवर्णीय मुलांसाठी नवे, पक्के, सुसज्ज मोटन हायस्कूल बांधून १९५३ साली ते खुले केले. वर्षानुवर्षे ज्यासाठी पैसा नव्हता, त्यासाठी पैसा एकाएकी कोठून आला? वेगळेपणा टिकविण्याची ती किंमत होती. १९५४ चा निकाल लागला, तरी १९५५ च्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने अंमलबजावणीची तारीख ठरवून दिली नाही. ती यथोचित गतीने व्हावी, अशा अर्थाचे मोघम शब्द वापरले. त्या मोघमपणात व्हर्जिनियाच्या सत्ताधाऱ्यांना हवी तेवढी वाट मिळाली. अखेर १९५९ साली सर्व पळवाटा बंद झाल्या, तेव्हा काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने शाळांसाठी कर बसविण्यासच नकार दिला. कर नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून शाळा नाही. नवे मोटन हायस्कूलही कुलूपबंद झाले.

कागदावर पाहिले तर यात भेदभाव कोठेच नव्हता, कारण शाळा काळ्या-गोऱ्या सर्वांसाठीच बंद होत्या. परंतु गोऱ्या मुलांसाठी त्याच शरद ऋतूत खासगी अकादमी सुरू झाली. तिला देणग्या मिळाल्या, आणि काही काळ सरकारी अनुदान व करसवलतही मिळाली. कृष्णवर्णीयांची सुमारे सतराशे मुले मात्र रस्त्यावर आली. कोणी शेजारच्या काउंटीत नातेवाइकांकडे राहून शिकले. काहींना क्वेकर पंथीयांनी दूरच्या राज्यांत अनोळखी कुटुंबांत ठेवले. बाकीच्यांसाठी चर्चच्या तळघरांत थोडा वेळ वर्ग भरत. पुष्कळांनी तंबाखूच्या शेतात काम धरले आणि ते पुन्हा शाळेकडे वळलेच नाहीत. सातव्या-आठव्या वर्षी अक्षरओळख व्हावयाची ती बाराव्या वर्षापर्यंत झाली नाही, तर मुलाचे काय होते, हे शिक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. आणि शिकण्यासाठी घर सोडून राहावे लागणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या माजी विद्यार्थी-वाचकांना आम्ही काय सांगावे! फरक एवढाच, की त्यांच्या गावात शाळा होती, इमारत नवी होती आणि दाराला कुलूप होते.

१९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने 'ग्रिफिन' खटल्यात या कुलुपाचा निकाल लावला. केवळ तारखा पुढे ढकलण्याचे दिवस संपले, असे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी बजावले, आणि गरज पडल्यास काउंटीला कर बसविण्याचा आदेशही कनिष्ठ न्यायालय देऊ शकते, असे सांगितले. आमच्या मते 'ब्राउन'इतकाच हा निकाल महत्त्वाचा आहे, कारण यात न्यायालयाने प्रथमच तिजोरीला हात घातला. शाळा उघडल्या, पण त्यांत आलेली मुले जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय होती. गोरी मुले अकादमीतच राहिली. बंद शाळांत ज्यांचे शिक्षण बुडाले, त्यांना २००३ साली सन्मानपत्रे दिली गेली, आणि पुढच्या वर्षी राज्याने त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती सुरू केली. तोवर ते विद्यार्थी पन्नाशी-साठीत पोहोचले होते. वॉशिंग्टनच्या संसदभवनातून व्हर्जिनियाने २०२० साली गुलामगिरीच्या बाजूने लढलेले सेनापती रॉबर्ट ली यांचा पुतळा हलविला आणि त्या जागेसाठी बार्बरा जॉन्सची निवड केली, हेही नमूद केले पाहिजे.

आणखी एक हानी अशी, की तिची नोंद निकालपत्रांत सापडत नाही. दोन शाळा एक झाल्या, की एका शाळेला दोन मुख्याध्यापक नको असतात. अशा वेळी घरी कोण गेले? एका सर्वमान्य अंदाजानुसार १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेकडील आणि सीमेवरील सतरा राज्यांत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. त्यांना ओळखणारा, त्यांच्याकडून अपेक्षा ठेवणारा माणूस वर्गातून निघून गेला. आज अमेरिकेच्या सरकारी शाळांत निम्म्याहून अधिक मुले गौरेतर आहेत, आणि २०२०-२१ च्या सरकारी पाहणीप्रमाणे शिक्षकांपैकी ८० टक्के गोरे आहेत. बाबासाहेबांनी प्रवेशाच्या हक्कासाठी लढतानाच १९२५ साली सोलापुरात वसतिगृह, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय उभे केले, त्यामागची दूरदृष्टी या आकड्यांशेजारी ठेवून पाहावी.

आता पैशाचा मुद्दा. अमेरिकेत शाळेच्या खर्चाचा मोठा भाग त्या त्या भागातील घरे-जमिनींवरील करातून येतो. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरात एजवूड हा गरिबांचा शालेय विभाग होता. तेथील सुमारे नव्वद टक्के विद्यार्थी मेक्सिकन वंशाचे होते. १९६८ च्या मे महिन्यात तेथील मुलांनीही मोडक्या शाळांच्या निषेधार्थ वर्ग सोडले, आणि नंतर पालक न्यायालयात गेले. त्याच शहरातील अलामो हाइट्स हा सधन, मुख्यतः गोऱ्यांचा विभाग. १९६७-६८ चे आकडे असे: एजवूडचे लोक दर शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर देत होते, अलामो हाइट्सचे ८५ सेंट. म्हणजे गरीब अधिक दराने कर देत होते. आणि स्थानिक करातून दर विद्यार्थ्यामागे एजवूडला मिळत २६ डॉलर, तर अलामो हाइट्सला ३३३ डॉलर. राज्य आणि केंद्राची मदत धरूनही एजवूडचा दर विद्यार्थ्यामागील खर्च ३५६ डॉलर होई, अलामो हाइट्सचा ५९४.

सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च १९७३ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी पालकांचा दावा फेटाळला. शिक्षण हा अमेरिकेच्या घटनेने हमी दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने ठरविले. ते निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल हे १९५० च्या दशकात व्हर्जिनियाच्याच राजधानीत, रिचमंड येथे, शाळा मंडळाचे अध्यक्ष होते. आणि विरोधी मत नोंदविणाऱ्यांत होते थर्गुड मार्शल, ज्यांनी वकील म्हणून 'ब्राउन' खटला लढविला होता. १९८९ साली टेक्सासच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आधारे ही करव्यवस्था अवैध ठरविली, म्हणजे आणखी सोळा वर्षांनी. २०२३ साली विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करण्यास सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली, तेव्हा जगभर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. परंतु विद्यापीठाच्या दारापर्यंत मूल पोहोचते कसे, याची चर्चा तिच्या दशांशानेही झाली नाही, असे आमचे निरीक्षण आहे.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, तेव्हा त्यांनी नेमके हेच बोट ठेवले होते. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे गाऱ्हाणे एजवूडच्या पालकांच्या गाऱ्हाण्याहून वेगळे नाही.

दहावीच्या वर्गात आम्ही एजवूडचे हे आकडे फळ्यावर लिहितो आणि मुलांना हिशेब करावयास सांगतो. दरवर्षी एखादे हुशार मूल विचारतेच, की सर, मग एजवूडच्या लोकांनी कर आणखी वाढवून घ्यायचा होता! तेव्हा आम्ही फळ्यावर आणखी दोन गोष्टी लिहितो. दर विद्यार्थ्यामागे अलामो हाइट्सची मालमत्ता एजवूडच्या आठपटीहून अधिक होती; आणि शाळा चालविण्यासाठीच्या कराला राज्याच्या कायद्याने शंभर डॉलरमागे दीड डॉलरची कमाल मर्यादा घातलेली होती.