आधी पणजीचं नाव शोध

अगं, वंशावळ काढायला घेतलीस हे फार बरं केलंस. तू पाठवलेला कागद नीट पाहिला. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, असे पुरुष ओळीनं उभे आहेत आणि बाई औषधालासुद्धा नाही! आपल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात काठेवाडी घोडी घ्यायची झाली तर गिऱ्हाईक तिच्या बापाबरोबर आईचीही चौकशी करतं. आपल्या घरात मात्र पणजीचं नाव विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

तुझा कागद जात पडताळणीसाठी असता तर मी काही बोलले नसते. तिथं बापाकडचीच साखळी मागतात. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा. तेवढा कागद हाती आला की लोक फाईल बांधून मोकळे होतात. तुला फाईल बांधायची नाही, माणसं शोधायची आहेत. मग बायकांच्या मागावर जा, पुरुष आपोआप सापडतील.

पहिलं काम शाळेचं. जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर बघायला माग. त्यात नाव, बापाचं नाव, जात, आधीची शाळा असं सगळं मिळतं. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नकोस. आजोबांची तारीख १ जून दिसली तर समजून जा, शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं टाकलेली आहे.

मग शहाद्याला तहसीलच्या अभिलेख कक्षात जा. अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लाव आणि गाव नमुना १४ची नक्कल माग. तिथले लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावातले जन्म आणि मृत्यू त्यात लिहिलेले असतात. जन्माच्या बाजूला बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, बापाचं नाव आणि पुढे फक्त मुलगा की मुलगी. मृत्यूच्या बाजूला कारण असतं. एकाच घरात पाठोपाठ नोंदी आल्या की काय झालं असेल ते सांगावं लागत नाही. तिथं घाई करू नकोस, पानं हळू उलट. शहाद्यात नाही मिळालं तर धुळ्यालाही विचार. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला झाला, त्याआधी आपण धुळे जिल्ह्यात होतो आणि त्याच्याही आधी, १९०६पासून, पश्चिम खानदेशात.

आता खरी गंमत फेरफारात आहे, म्हणजे गाव नमुना ६मध्ये. खातेदार वारला की वारस नोंद होते. समजा लिहिलंय, ‘गोविंदा रामा अज्ञान, अ.पा.क. आई सखूबाई भ्र. रामा’. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता आणि भ्र. म्हणजे भ्रतार. एवढ्या ओळीत केवढं कळलं बघ! रामा मुलगा लहान असताना गेला, सखूबाई मागे राहिली आणि शेताचा कारभार तिच्या हाती आला. हे तुला घरात कुणी सांगितलं नसतं.

दुसरा कागद हक्कसोडपत्र. १९५६च्या कायद्यानं मुलीही वारस झाल्या आणि भावांनी त्यांच्याकडून सह्या-अंगठे घ्यायला सुरुवात केली. मला त्या कागदाचा राग येतो, पण शोधायला तो सोन्यासारखा आहे. सगळ्या बहिणींची नावं, त्यांच्या नवऱ्यांची नावं, त्यांची गावं एका ठिकाणी मिळतात. हक्क सोडताना का होईना, बाईचं नाव पूर्ण लिहिलं गेलं.

बाईच्या नावानं किती मागे जाता येतं, ते आयर्लंडच्या लोकांकडे बघ. तसे त्यांचे हाल विचारू नकोस. १९२२च्या यादवीत डब्लिनचं सरकारी दफ्तर जळालं, जुनी जनगणना त्यात गेली. पण तिथं सरकारी जन्म-मृत्यू नोंद १८६४पासून आहे आणि कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत आईचं माहेरचं आडनावही सहसा लिहिलेलं असतं. त्या आडनावाला धरून लोक आणखी दोन पिढ्या मागे जातात. आपल्याकडे माहेरचं आडनाव लग्नाच्या मांडवातच सुटतं.

तरी एक जागा आहे. घरातलं कुणी नाशिकला किंवा त्र्यंबकला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत नोंद असेल. गाव, आडनाव आणि जात सांगितली की ते वही काढतात. कोण आलं होतं, कुणाचं श्राद्ध केलं, बरोबर कोण होतं, हे त्यात असतं. दक्षिणा द्यावी लागते, देऊन टाक. जुनी पानं मोडीत असली तर घाबरू नकोस. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, आणि धुळ्यात १९२७चं राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथं विचार.

पण हे सगळं नंतर. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला आत्या, मावश्या, काकू सगळ्याजणी येतील. एकमुखी दत्ताचं दर्शन झालं की त्यांना घेऊन बस आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग लाव. ‘तुमची आई कुठली, तिची आई कुठली,’ एवढंच विचार आणि गप्प बस. मध्ये सनावळ्या विचारून त्यांना अडवू नकोस. ‘प्लेगाच्या वेळी’, ‘मोठ्या पुरात’ असं म्हणतील, ते तसंच लिहून घे, साल मागून लावता येतं.

तहसील शनिवार-रविवारी बंद असतं. तेव्हा या शनिवारी मोठ्या काकूंकडे जा. त्यांना ऐकू कमी येतं, जरा जवळ बसून विचार.