‘स्ट्राइक’ : एक शब्द, अनेक अर्थ

इंग्रजी शब्दकोशात ‘स्ट्राइक’ या शब्दापुढे अर्थांची लांबलचक रांग आढळते. त्याचा परिचित अर्थ प्रहार करणे हा होय. घड्याळाचे ठोके पडतात, काडी ओढून पेटविली जाते, वीज कोसळते, एखादी कल्पना मनात चमकते, सौदा पटतो, हजेरीपटावरील नाव कमी केले जाते. या सर्व ठिकाणी इंग्रजी भाषा हे एकच क्रियापद योजते. चाळीच्या गॅलरीत कॅरम खेळणाऱ्या मुलांचा ‘स्ट्रायकर’ही याच कुळातला.

परळ-लालबागच्या रहिवाशाला मात्र या शब्दासरशी गिरणीचा मुका झालेला भोंगा आठवतो. ‘काम थांबविणे’ या अर्थाचा उगम समुद्रावरचा आहे. १७६८ साली लंडनच्या खलाशांनी वेतनाच्या मागणीसाठी जहाजांची शिडे उतरवून ठेवली. शीड उतरविणे यालाही ‘स्ट्राइक’ असेच म्हणत. तेव्हापासून कामगारांनी एकजुटीने काम थांबविले की हाच शब्द रूढ झाला.

मराठीत यासाठी संप, हरताळ, बंद असे शब्द आपण सर्रास समानार्थी म्हणून वापरतो. त्यांतील भेद विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावा. संप कामगाराचा असतो. हरताळ मूळचा बाजारपेठेचा. हाटाला, म्हणजे दुकानांना, टाळे लागते तो हरताळ. बंदमध्ये सारे शहरच थांबते. टाळेबंदी तर मालक करतो. काम चारही प्रसंगी थांबते. ते कोण थांबवितो, यावरून शब्द बदलतो.

गिरगावात आपल्या शेजारी नांदणाऱ्या गुजराती भाषेत ‘संप’ म्हणजे ऐक्य, सलोखा. हा अर्थ आपल्या इतिहासाला लावून पाहावा. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. तुटलेला धागा जोडताना तो तोंडाने ओला करावा लागे, म्हणून स्पृश्य कामगारांना तेथे विटाळाची भीती वाटे. अधिक मजुरीचे ते खाते आपल्या बांधवांना बंद राहिले. त्यांनाही सर्व खात्यांत काम मिळण्याचा हक्क असावा, ही मागणी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडली. ज्या संपात सर्वांना समान स्थान नाही, त्यात ‘संप’ या शब्दाचा गुजराती अर्थ कोठून यावा?

दहा वर्षांनी, १९३८ साली, संपाच्या हक्कावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक मुंबई विधिमंडळात आले. संप करण्याचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, असे प्रतिपादन बाबासाहेबांनी त्या वेळी केले. ‘संप’ या शब्दाला त्यांनी दिलेला हा समानार्थी शब्द कोणत्याही कोशात सापडणार नाही. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व साम्यवादी कार्यकर्ते यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवून आणला.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी ‘संपाच्या आधी’ आणि ‘संपानंतर’ अशी कालगणना आजही ऐकू येते.

पालकांनी हा शब्द मुलांना शिकविताना त्यापुढे आपल्या घराचा अर्थही जरूर लिहून द्यावा. कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात आजोबा होते, हे मुलांना त्यानिमित्ताने कळेल.